हात आधी जातो

दोन पावसाळे मी सरांना एकच प्रश्न विचारत होते आणि दोन्ही पावसाळे त्यांचं एकच उत्तर होतं. अजून नाही.

मालवणला सरांचं छोटंसं डायव्हिंग सेंटर आहे. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की ते मुंबईला येतात, माहीमला बहिणीकडे राहतात आणि रविवारी दादरच्या एका तरणतलावात नवशिक्यांना शिकवतात. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. ऑफिसच्या सहलीत तारकर्लीला पाठीवर सिलिंडर बांधून पहिल्यांदा पाण्याखाली गेले, ती अजून नीट वर आलेलीच नाही, असं दादा म्हणतो. खोटं नाही ते. रजा साठवून साठवून मी एकेक कोर्स केला. बुडणाऱ्याला वाचवायचा कोर्स झाला, अपघात झालेल्याला ऑक्सिजन कसा द्यायचा ते शिकून झालं. पुढची पायरी डाइव्हमास्टरची. तिथे हौस संपते आणि धंदा सुरू होतो. पाहुण्यांना खाली न्यायचं, प्रत्येकाच्या हवेवर लक्ष ठेवायचं आणि जितके नेले तितके धडधाकट वर आणायचे. मासे बघायला आपल्याला सवड मिळेलच असं नाही.

मला वाटायचं, आपण केव्हाच्या तयार आहोत. माझ्या मागून आलेली पोरंपोरी अंदमानला जाऊन डाइव्हमास्टर झाली, तिथले फोटो टाकू लागली, आणि मी अजून रविवारी दादरच्या क्लोरीनच्या पाण्यात लोकांचे पट्टे आवळत होते. शेवटी एकदा सरांना धारेवरच धरलं. माझ्यात कमी काय आहे ते सांगा, म्हटलं.

त्याच सकाळी एका नवशिक्या गृहस्थांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. ते तलावाच्या तळाशी गुडघ्यावर बसून धडपडत होते. मी मागून त्यांच्या जाकिटाची पट्टी धरली आणि त्यांना सरळ वर काढलं. वर आल्यावर ते ओशाळले, पुन्हा खाली जायला तयार होईनात. सर समोरच होते. ते जागचे हलले नव्हते.

"ते मास्क रिकामा करायच्या बेतात होते," सर म्हणाले. "तू करू दिलं नाहीस. तुझा हात आधी जातो, डोळे मागून येतात."

मला अस्सा राग आला. माणूस समोर गुदमरतोय आणि आपण हाताची घडी घालून बघत राहायचं, ही कसली विद्या? माझा राग नाकावरच असतो, तो तिथून थेट जिभेवर येतो. मी म्हटलं, तुम्हाला माणसं वाचवणारी बाई नको, शोभेची बाहुली हवी आहे. सर हसले आणि चहा प्यायला निघून गेले.

घरी मात्र माझ्या या विद्येचं मोल होतं. आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबा, दादा, वहिनी आणि मी. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा गिरणीत होते, कापसाच्या गाठी फोडतात त्या खात्यात. तिथली धूळ आणि जोडीला बिडी, दोन्हींनी मिळून त्यांची फुप्फुसं खाल्ली. बिडी कधीच सुटली, पण सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. गेल्या वर्षापासून खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसरात्र घरघरत असतं आणि त्यातून निघालेली नळी बाबांच्या नाकाशी जाते. मशीनला काचेची एक उभी नळी आहे, तिच्यात एक लहानशी गोळी. खालचा नॉब फिरवला की गोळी वर चढते आणि मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातोय ते दाखवते. बाबांची गोळी एकच्या रेघेवर. वीज गेली तर असावा म्हणून एक सिलिंडरही कोपऱ्यात उभा होता.

तो सिलिंडर पहिल्यांदा आला, तेव्हा दादा आणि वहिनी त्याच्यापासून दोन हात लांब उभे होते. मी पाना घेतला, त्याचं तोंड साफ केलं, रेग्युलेटर बसवला, काटा वाचून दाखवला. बाबा खाटेवरून बघत होते. त्यानंतर त्यांनी माझं कौतुक गावभर केलं. गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, मध्ये मध्ये दम खात ते सांगायचे, "आमचां चेडू दर्याच्या तळाक जाऊन श्वास घेता." मग मजल्यावर कुणाकडेही ऑक्सिजनचा सिलिंडर आला की बोलावणं मला. मी गेले की बाबा खुर्ची दारापर्यंत ओढायला लावत आणि मी परत येईपर्यंत तिथे बसून राहत.

मला आवडायचं ते. उगाच साळसूदपणा कशाला आणू?

परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला आणि दादाला समोर बसवून सांगितलं होतं, एकच्या वर न्यायचं नाही. फारच दम लागला तर दोन, आणि लगेच आम्हाला फोन. मी ऐकलं होतं. पण डॉक्टर मंडळी नेहमी हात राखून सांगतात अशी माझी पक्की समजूत होती. शिवाय ऑक्सिजन म्हणजे औषध थोडंच आहे, ती हवा आहे, असंही वाटायचं. आमच्या डायव्हिंगच्या शिक्षणात तर उलटंच घोटवून घेतलेलं. पाण्यातून वर आलेल्या माणसाला त्रास होतोय असं दिसलं की थांबू नका. पूर्ण ऑक्सिजन, पूर्ण वेगाने, ताबडतोब. कमी दिल्याने माणसं दगावतात, जास्त दिल्याने नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते.

गणपतीचे दिवस होते. आमच्या भागात त्या दिवसांत घरातून बाहेर पडायचं म्हटलं तरी गर्दी वाट देईल तेव्हा. दोन दिवस बाबांना खोकला होता. रस्त्यावरचा फटाक्यांचा धूर, शेजारपाजारचे धूप, सगळं खिडकीतून आत येत होतं. खिडकी लावली तर त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. दादा मंडळाच्या कामाला गेला होता. वहिनी गौरीच्या हळदीकुंकवाला घोडपदेवला माहेरी गेली होती. संध्याकाळी आरत्या सुरू झाल्या आणि बाबांचा दम वाढला. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून ते श्वास खेचू लागले. बोलता येईना. बोटाला लावायचं मशीन लावलं, तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी. बघता बघता एक्क्याऐंशी झाला.

मी दोनवर नेलं. हॉस्पिटलला फोन लावला. गर्दीत नेटवर्क पार झोपलं होतं, फोन लागेचना. दादाचाही लागेना. बाबा माझ्याकडे बघत होते. ते डोळे मला ओळखीचे होते. पाण्याखाली हवा संपत आलेल्या माणसाचे डोळे असेच होतात.

मग माझे हात चालू लागले. सिलिंडर पुढे ओढला. माझ्या डायव्हिंगच्या पिशवीत सरावासाठी घेतलेला, ऑक्सिजन द्यायचा पिशवीवाला मास्क होता, तो काढला, जोडला, बाबांच्या तोंडावर घट्ट बसवला आणि नॉब शेवटपर्यंत उघडला. किती सफाईदार केलं मी ते! एकही हालचाल वाया गेली नाही. आकडा चढू लागला. नव्वद, पंच्याण्णव, नव्याण्णव. बाबांचे खांदे खाली आले. ओठांवरचा निळेपणा गेला, गालांवर लाली आली. ते मागे टेकले आणि त्यांना झोप लागली.

माझा जीव भांड्यात पडला. आणि मनात पहिला विचार आला तो सरांचा. आता सांगा म्हणावं, हात आधी जातो.

मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि त्या नव्याण्णव आकड्याकडे बघत राहिले. खालच्या आरत्या संपल्या, दुसऱ्या सुरू झाल्या. बाबा झोपलेलेच. इतके शांत झोपलेले मी त्यांना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

वहिनी आली ती हातात ओटीची पिशवी घेऊन. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने पिशवी खाली ठेवली, बाबांकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. ती रोज त्यांच्यासोबत घरात असते, मी ऑफिसात. तिने त्यांचा खांदा हलवला. मग जोरात हलवला. "बाबा, अहो बाबा," करत गालांवर थापट्या मारल्या. त्यांच्या पापण्या अर्ध्या उघडल्या, आतले डोळे कुठेच बघत नव्हते. हात सोडला तर तो तसाच खाली पडला. अंग गरम आणि घामाने चिंब.

"श्वास बघा ना यांचा," वहिनी म्हणाली. "घेतायत कुठे?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या छातीकडे बघितलं. ती हलत होती, पण जेमतेम, आणि मध्येच थांबत होती. इतका वेळ मी आकड्याकडे बघत होते.

वहिनी धावत जाऊन दादाला मांडवातून घेऊन आली. ॲम्ब्युलन्स आमच्या गल्लीत शिरणंच शक्य नव्हतं. मंडळाच्या पोरांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. दर्शनाच्या गर्दीला रोखायला ते हातात हात गुंफून साखळी करतात, तशीच साखळी त्यांनी आमच्या दोन्ही बाजूंनी केली आणि वाट काढत मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. लोक वाकून बघत होते. काहींनी बाबांना हात जोडले. मी सिलिंडर कडेवर घेऊन मागून पळत होते, आणि नॉब अजून तसाच, शेवटपर्यंत उघडा होता. मला वाटत होतं, मी त्यांना जगवते आहे.

हॉस्पिटलात तपासायला तरुण डॉक्टर होता. ऑक्सिजन कुणी दिला, किती दिला, केव्हापासून, त्याने विचारलं. मी घडाघडा सगळं सांगितलं. अपघात झाला की काय केलं ते जसंच्या तसं सांगायचं, काही लपवायचं नाही, हेही आम्हाला घोटवून घेतलेलं असतं. त्याने ऐकता ऐकताच नॉब खाली आणला. मग बाबांवर दुसरं मशीन लावून झाल्यावर बाहेर येऊन त्याने आम्हाला समजावलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो शांत होता. या आजारात शरीराला कमी ऑक्सिजनची सवय झालेली असते, तो म्हणाला. एकदम भरमसाट दिला की बाहेर पडायचा कार्बन डायऑक्साइड आतच साठत जातो, माणसाला गुंगी येते, आणि श्वास मंदावत जातो. बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली.

"बुडालेल्या माणसाला देतात तो ऑक्सिजन तुम्ही यांना दिलात," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ गेला असता तर यांना इथे आणून उपयोग नव्हता."

दादा भिंतीकडे बघत उभा होता. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मला नकोसा झाला, मी झटकला. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या पॅसेजमध्ये कळलं. माणसाने चूक केली की काहीतरी बिघडल्याचं त्याला जाणवत असणार, असा माझा समज होता. मला तर अभिमान वाटत होता. बाप माझ्या हाताखाली मरत होता आणि मी खुर्ची टाकून स्वतःचं कौतुक करत बसले होते.

बाबा वाचले. काही दिवस त्यांच्या तोंडावर आवळलेला मास्क होता आणि मशीन त्यांना ठरावीक ठेक्यात श्वास घ्यायला लावत होतं. ते शुद्धीवर आले तेव्हा काय झालं ते दादानेच त्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, वॉर्डातल्या आयांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी खाटेच्या पायाशी उभी होते. बाबांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी हाताने उठ म्हणून खूण केली. मला वाटलं, झालं, मिटलं.

घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी मी मशीनची गोळी बरोबर एकवर आहे ना, ते बघायला वाकले. नॉबला हात लावणार, तेवढ्यात बाबांनी खाटेवरून हात लांब करून नॉबवर ठेवला. झाकलाच तो. "तू नको," म्हणाले. "तिका सांग." वहिनी चहा टाकत होती, ती हात पुसत आली आणि गोळी बघून गेली. मग बाबांनी हात काढला.

त्यानंतर रोज तसंच. मी खाटेच्या बाजूने गेले तरी त्यांचा हात हळूच नॉबवर जायचा. त्यांना ते कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. जेवण माझ्या हातून घ्यायचे, पाठ चोळून घ्यायचे, पेपर वाचून घ्यायचे. हवा मात्र माझ्या हातून नको. मजल्यावरच्या कुणाचा सिलिंडर आला, तर आता मला बोलावणं येत नव्हतं. त्याचा मला राग आला, मग रागाचीच लाज वाटली.

आणखी एक गोष्ट वहिनीने मला सांगितली, तीही मी खोदून विचारलं तेव्हा. बाबा झोपत नाहीत. मी ऑफिसला गेले की दुपारी तासभर डुलकी घेतात, पण मी घरात असले की टक्क जागे. उशांना टेकून, डोळे दाराकडे. आधीच खंगलेलं शरीर, त्यात झोप नाही. डॉक्टर विचारत होते, हे सुधारत का नाहीत. वहिनीने खरं कारण सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात मी रविवारी तलावावर जात होते, कारण घरी बसवत नव्हतं. पाण्यात मी कुणाला हात लावेनाशी झाले. एका रविवारी एका मुलीचा हवेचा रेग्युलेटर तोंडातून सुटला. ती घाबरली, हातपाय झाडू लागली. मी तिच्यासमोर हातभर अंतरावर थांबले. तिच्याकडे बघितलं, रेग्युलेटर कुठे लोंबतोय ते बोटाने दाखवलं आणि वाट बघितली. माझा हात तयार होता, पण पुढे गेला नाही. तिने तो शोधला, तोंडात घातला, फुंकला, श्वास घेतला. वर आल्यावर ती सगळ्यांना सांगत सुटली की तिचं तिने केलं.

सरांनी मला कडेला बोलावलं. ते खूश होते. "झालीस तू तयार," म्हणाले. "दसऱ्यानंतर समुद्र उघडतोय. ये मालवणला, डाइव्हमास्टर करूनच पाठवतो. काय झालं काय एवढ्यात? जमलं तुला."

दोन पावसाळे ज्यासाठी भांडले ते वाक्य शेवटी ऐकलं. मी तिथेच ओल्या लादीवर बसले आणि सरांना सगळं सांगितलं. कुठल्या परीक्षेतला धडा कुठे वापरला, सगळं. सर उकिडवे बसून ऐकत होते. पोरं सिलिंडर गोळा करत होती, सरांनी त्यांना लांब जायची खूण केली. मग म्हणाले, आता तयार आहेस की नाही हे मी नाही सांगू शकत. मी फक्त पाण्यातलं बघतो. तुझं तूच ठरव, आणि नाही आलीस तरी मी विचारणार नाही.

मी ठरवलं, नाही जायचं. ज्या बाईला तिचा बाप स्वतःच्या श्वासाजवळ येऊ देत नाही, तिच्यावर परक्यांनी का भरवसा टाकावा? नॉबवरचा बाबांचा हात ज्या दिवशी आपणहून बाजूला होईल, त्या दिवशी मी तयार असेन. तोवर इथेच राहायचं, त्यांच्या नजरेसमोर, आणि तो भरवसा परत मिळवायचा. मला हे फार चांगलं, शहाणपणाचं वाटलं. त्या दिवसापासून मी ऑफिसातून लवकर घरी येऊ लागले. त्यांच्या खाटेशेजारी बसून राहू लागले. रजाही टाकली.

बाबा आणखी खंगले.

रजेतल्या एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. वहिनी दळण आणायला खाली गेली होती. बाबांचे डोळे लाल झाले होते, मान पेंगून खाली जात होती आणि ते ती झटकून वर आणत होते. मी म्हटलं, बाबा, झोपा जरा, मी आहे ना इथे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात नॉबवर होताच.

"राग मानू नको बाय," ते म्हणाले. प्रत्येक दोनतीन शब्दांनंतर श्वास. "माका तुझा भ्या वाटता."

मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"तू घरात असलंस काय माझो डोळो लागणा नाय. तू जा मालवणाक. मी झोपतलंय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. विनवणी होती. हा माणूस माझ्याकडे कधी काही मागत नाही. पाणी हवं असलं तरी आपण विचारेपर्यंत थांबतो. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, कारण वेळ घेतला असता तर त्यांच्यासमोर रडले असते, आणि मग त्यांना माझी समजूत काढावी लागली असती, त्यासाठी त्यांच्याकडे दम नव्हता. मी उठून गॅलरीत गेले. वळून बघितलं तर त्यांची मान उशीवर कलली होती.

बाबांनी मला जायला सांगितलं, एवढंच दादाला कळलं, आणि त्याने ते मजल्यावर सांगून टाकलं. स्वतः एवढे आजारी असताना मुलीला तिच्या मनासारखं करायला पाठवतायत, असं. लोक येऊन बाबांचे पाय शिवून गेले. शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि असा बाप मिळायला पुण्याई लागते म्हणाल्या. मी पेढा खाल्ला. बाबा खाटेवरून बघत होते. त्यांनी मान खाली घातली.

मी बिनपगारी रजा घेतली, दसरा केला आणि परळहून मालवणच्या बसमध्ये बसले. निघताना बाबांना वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. दोन्ही.

सरांनी काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी सिलिंडर भरायला आणि होडीत चढवायला लावलं. डाइव्हमास्टरचं शिक्षण बरंचसं हमालीचंच असतं. तिसऱ्या सकाळी वहिनीचा फोन आला. ती आनंदात होती. काल बाबा आडवे झोपले, म्हणाली. पाठ टेकून, सकाळी ऊन आत येईपर्यंत. उठल्यावर आपणहून पेज मागितली. तिने देवापुढे साखर ठेवली होती. मी म्हटलं, छान झालं. खरंच छान झालं होतं. मी होडीच्या कडेला बसून रडले, मग तोंड धुऊन कामाला लागले.

त्यानंतर प्रत्येक फोनवर तेच. बाबा झोपतायत, खातायत, गॅलरीपर्यंत चालले. डॉक्टर म्हणाले, आता पिकअप घेतला. इकडे मी रोज नवनव्या लोकांना पाण्याखाली नेत होते. ते माझा हात घट्ट धरायचे, माझ्यावर विश्वास ठेवून डोळे मोठे करून खाली यायचे. मी त्यांच्या छातीकडे बघायला शिकले होते. सर एकदा म्हणाले, एक पाहुणी सांगून गेली, नवऱ्याला पाण्याखाली पाठवीन तर तुझ्याबरोबरच. मी हसले.

दिवाळी जवळ आली. सरांनी आपणहून सांगितलं, पाडवा, भाऊबीज करून ये, चार दिवस आम्ही सांभाळू. त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. भाऊबीजेला तरी या, दादा वाट बघतायत, म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने फोन बाबांकडे दिला. पलीकडून मशीनची घरघर ऐकू येत होती, आणि त्यांचा श्वास. पूर्वीपेक्षा बराच सावकाश होता तो.

"येतलंस काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही बाबा. इथे सीझन आहे, सुट्टी मिळत नाही.

"बरां," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला इथपर्यंत ऐकू आला.